एका खिडकीपुरतं

नोव्हेंबरात विल्यांदीला चार वाजताच दिवस मावळतो,
आणि दुकानात येणारी माणसं
आपापला काळोख बरोबर घेऊन येतात.
एल्मार आला तेव्हा टोपीवर ओलसर बर्फ होता,
हातात कागद: स्मार्ट प्लग. एक. स्वस्त.
'स्वस्त'खाली दोन रेघा.

मी काउंटरवर तीन मांडले.
हा एकोणीस युरोचा, नावाजलेला,
पण त्याला वेगळा हब लागतो,
म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग.
हा अकराचा. किती वीज खाल्ली याचा हिशेब ठेवतो.
आणि हा सातचा. चालू होतो, बंद होतो,
बाकी त्याला काही विचारू नका.

"हीटर लावणार?"
"नाही."
"मग हा चालेल. हीटर लावलात तर वितळेल,
आणि बोलणी मला खावी लागतील."
तो हसला नाही.
"दिवा आहे," म्हणाला. "लहान. खिडकीतला."

मग कागद उलटा करून त्यानं नकाशा काढला.
हे माझं स्वयंपाकघर, हा राउटर, ब्रेडच्या डब्यावर.
ही ओंडक्यांची भिंत. हे अंगण, तेवीस पावलं.
हे सफरचंदाचं झाड. ही दुसरी ओंडक्यांची भिंत.
आणि इथं, पेन्सिल जरा दाबून, दिवा.
"पोचेल का?"

घर कुणाचं, हे मी विचारलं नाही.
विचारलं एवढंच, की वायफायची नावं किती दिसतात.
दोन. एकाच्या शेवटी पाच.
"ते पाचवालं सोडा," मी म्हटलं,
"ते जोरात धावतं, पण भिंत आली की धापा टाकतं.
दुसरं सावकाश चालतं आणि ओंडक्यांतून वाट काढतं.
प्लगला तसंही तेच कळतं.
राउटर डब्यावरून उचलून खिडकीत ठेवा.
झाडाची पानं गळलीत, ते एक बरं झालं."

"ऑक्टोबरातच गळली," तो म्हणाला,
आणि मग न विचारता:
"लेइदाही तेव्हाच गेली. लेकीकडे, तुर्कूला. गुडघे.
किल्ली माझ्याकडे आहे.
हिवाळ्यात साडेचारला तिचा दिवा लागायचा.
एकोणतीस वर्षं मी त्या दिव्यावर बटाटे चढवतोय.
आता जेवायला उशीर होतो."

किल्ली आहे तर हातानंच लावा की,
असं अगदी ओठांवर आलं होतं.
मग काउंटरला टेकवलेली त्याची काठी दिसली.
सातवाला दिला. पावती जपून ठेवा, म्हटलं,
चौदा दिवसांत परत घेतो.

तेराव्या दिवशी आला.
प्लग रुमालात गुंडाळलेला, पडलेल्या दातासारखा.
"बिघडलाय. साडेचारला लागतो, ते ठीक.
पण रात्री दहाला आपोआप विझतो, पुन्हा लागतो.
तीनदा. रोज."
स्वस्तातल्यांचं आतलं बटण कधी कधी चिकटतं, मी म्हटलं.
"चिकटतं ते मोजून तीनदा?"

ॲप त्याच्या नातीनं, केर्तूनं, बसवून दिलं होतं.
ह्याला ईमेल नाही,
म्हणून खातं लेइदाच्या नावावर.
मी नोंदी उघडल्या.
साडेचार: वेळापत्रक.
दहा: लेइदाचा नवा फोन.
दहा: लेइदाचा नवा फोन.
दहा वाजून एक मिनिट.
स्क्रीन मी त्याच्याकडे वळवली.
त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि वाचून झाल्यावरही वाचत राहिला.

"परत घेऊ?"
रुमाल केव्हाच खिशात गेला होता.

दाराशी जाऊन तो वळला.
"तो सातवाला अजून एक आहे का?
माझ्या खिडकीसाठी."
आणि पाकिटातली नाणी एकेक काढता काढता,
"वेळबिळ काही लावू नका त्याला.
तो तिच्या फोनवर कसा द्यायचा,
तेवढं ह्या कागदावर लिहा.
मोठ्या अक्षरात."